पाहुण्याला जामीन कोण?

दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या गेस्ट हाउसवर मी रात्री साडेनऊला पोहोचलो. काउंटरवरच्या माणसाने रजिस्टर पुढे सरकवलं, सही घेतली, आणि खोलीच्या किल्लीबरोबर ओळखपत्राएवढी एक चिठ्ठी हातात ठेवली. चिठ्ठीवर वाय-फायचं नाव आणि खाली एक ओळ : मोबाइल नंबर टाका, ओटीपी येईल. माझ्यामागे ब्राझीलहून आलेला एक तरुण संशोधक उभा होता. त्याचा नंबर ब्राझीलचा. फोनच्या पडद्यावरच्या चौकटीत मात्र +९१ आधीच छापलेलं, आणि पुढे जागा दहाच आकड्यांची. काउंटरवरचा माणूस दर दोन मिनिटांनी आपुलकीने विचारत होता, "सर, ओटीपी आला का?" ओटीपी कुठून येणार?

सकाळी नाश्त्याला तो भेटला तेव्हा त्याचं नेट मजेत चालू होतं. त्याच्या यजमान प्राध्यापकांनी रात्रीच येऊन स्वतःचा युजरनेम आणि पासवर्ड त्याच्या लॅपटॉपवर टाइप करून दिला होता. त्या चिठ्ठीच्या मागे बारीक अक्षरात अकरा नियम होते. पहिलाच नियम : आपला पासवर्ड कोणालाही देऊ नये.

प्राध्यापकांना दोष द्यावा असं मला वाटलं नाही. नियमाने त्यांना दुसरी वाटच ठेवली नव्हती. तेव्हापासून जिथे जाईन तिथली अशी चिठ्ठी मी खिशात घालून आणतो. घरी एका लिफाफ्यात त्या साठल्या आहेत. कुठे एका पानाचा मजकूर, कुठे चार पानांचं कायदेशीर बाड, आणि तळाशी 'मला मान्य आहे' असं बटण. ते बटण दाबण्याआधी कोणी वाचत नाही, मीही वाचत नसे. वाचायला लागल्यावर जाणवलं की सगळ्यांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. हा माणूस आमचा नाही, उद्या निघून जाईल. त्याने काही उद्योग केला तर त्याला जामीन कोण?

नियमांचा मजकूर मात्र बहुतेक ठिकाणी एकमेकांची नक्कल केल्यासारखा. वापर संशोधन आणि शिक्षणापुरता, धंद्यासाठी नाही. टोरंट नाही. दुसऱ्याची यंत्रं 'स्कॅन' करायची नाहीत. स्वतःचा राउटर लावायचा नाही, आणि हा नियम खरोखर महत्त्वाचा आहे. एखादा पाहुणा उत्साहाने घरून आणलेली वाय-फायची डबी भिंतीतल्या सॉकेटला उलटी जोडतो, ती डबी आसपासच्या यंत्रांना आपल्या मनाने पत्ते वाटायला लागते, आणि अख्ख्या मजल्याचं नेट बंद पडतं. कॉम्प्युटर सेंटरमधली माणसं मग खोलीखोलीतून ती डबी शोधत फिरतात. बाकीचे नियम संस्थेच्या वकिलासाठी असतात, हा एक त्या माणसांच्या झोपेसाठी आहे.

पाहुण्याचं नेटवर्क म्हणजे वाड्याची ओसरी. बसायला मिळतं, पाणी मिळतं, माजघरात जायचं नाही. छताला लावलेल्या त्याच डबीतून दोन-तीन वेगवेगळी नेटवर्कं चालवता येतात. कर्मचाऱ्यांचं एक, प्रयोगशाळेतल्या यंत्रांचं दुसरं, पाहुण्यांचं तिसरं. याला व्हीलॅन म्हणतात. चांगल्या ठिकाणी ओसरीवरचा एक पाहुणा दुसऱ्यालाही दिसत नाही. त्यामुळे शेजारच्याच्या लॅपटॉपमधला व्हायरस तुमच्याकडे येत नाही, पण तुमचं भाषण प्रोजेक्टरवर बिनतारी जात नाही आणि समोर दिसणारा प्रिंटर तुमचं ऐकत नाही. शेवटी फाइल ऑफिसला मेल करून, "मॅडम, एवढ्या दोन प्रती काढून द्याल का," अशी विनंती करावी लागते. हे आधी सांगितलं तर पाहुण्याचा अर्धा तास वाचेल, पण नियमावलीत ते नसतं. काय करू नये याची यादी असते. काय होणारच नाही, हे कोणी लिहीत नाही.

'फक्त संशोधन आणि शिक्षणासाठी' हे शब्द आले कुठून? इंटरनेट बाजारात येण्याआधीच्या काळातून. अमेरिकेत राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या पैशावर एनएसएफनेट हा कणा उभा राहिला, आणि सरकारी पैशावर खासगी धंदा नको म्हणून त्याच्या वापराचे नियम झाले. आपल्याकडे १९८६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट हे शिक्षण-संशोधन संस्थांचं जाळं सुरू झालं. मुंबईची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर तंत्रज्ञानाची संस्था, पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि दिल्लीतला इलेक्ट्रॉनिक्स विभाग, एवढाच त्याचा संसार. ३० एप्रिल १९९५ रोजी एनएसएफनेट बंद झालं, आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सामान्य भारतीयाला इंटरनेट विकायला सुरुवात केली. धंदा आणि संशोधन यांच्यामधली ती भिंत तेव्हाच पडली, पण नियमातलं वाक्य तसंच राहिलं. आज गेस्ट हाउसमध्ये रात्री मुलीशी व्हिडिओवर बोलणारा, रेल्वेचं तिकीट काढणारा प्रत्येक पाहुणा अक्षरशः नियमभंग करत असतो. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेची नियमावली या बाबतीत जास्त प्रामाणिक वाटते. खासगी वापर थोडा चालेल, मात्र कामात अडथळा नको, असं तिथे सरळ लिहिलेलं आहे.

संशय आला तोही त्याच काळात. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकाच्या हिशेबात ७५ सेंट जुळेनात. खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टॉल तो फरक शोधत निघाला आणि जर्मनीतून अमेरिकी लष्करी संगणक चाळणाऱ्या घुसखोरापर्यंत पोहोचला. दोन वर्षांनी, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने स्वतःहून पसरणारा आपला 'वर्म' सोडला, तो मुद्दाम एमआयटीच्या यंत्रावरून. आपला माग लागू नये म्हणून. यजमानाच्या अंगणातून दगड मारायचा आणि दगड कुठून आला हे कोणाला कळू द्यायचं नाही. पाहुण्याच्या नेटवर्कची भीती ती हीच.

आपल्याकडे ही भीती खरी झाली २००८ मध्ये, आणि तीही मुंबई-नवी मुंबईत. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना गेलेला धमकीचा ई-मेल सानपाड्यातल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून निघाला होता. त्या घरात राहणाऱ्या परदेशी माणसाचा त्याच्याशी संबंध नव्हता, पण चौकशीचा ससेमिरा त्याच्यामागे लागला. ऑगस्टमधला पुढचा ई-मेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले तेव्हाचा चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वाय-फायवरून. घर, कॉलेज, कंपनी. तिन्ही ठिकाणी यजमानाला पत्ताच नाही की आपल्या ओसरीवर कोणी बसून गेलं.

२३ फेब्रुवारी २००९ रोजी दूरसंचार विभागाने वाय-फायबद्दल सूचना काढल्या. सार्वजनिक जागी वाय-फाय द्यायचं तर वापरणाऱ्याची ओळख पटलेली हवी. एकतर फोटो असलेल्या ओळखपत्राची प्रत ठेवा, नाहीतर त्याच्या मोबाइलवर एसएमएसने लॉगिन-पासवर्ड पाठवा. ओळखपत्राच्या झेरॉक्स सांभाळण्यापेक्षा एसएमएस सोपा, म्हणून सगळ्यांनी तीच वाट धरली. गेस्ट हाउसमधली ती दहा आकड्यांची चौकट सानपाडा-माटुंगा-चेंबूरवरून आलेली आहे. यात जामीन राहतं ते तुमचं सिमकार्ड. सिम घेताना कुठल्याशा दुकानात तुम्ही ओळखपत्र दिलेलं असतं. संस्था त्या दुकानदारावर भिस्त ठेवते आणि मोकळी होते. ज्याच्याकडे भारतीय सिम नाही, त्याचा विचार करायचं मग राहून जातं. परदेशी पाहुणे जिथे सर्वांत जास्त येतात अशा संस्थेनेही सिनेमागृहाच्या लॉबीतलीच पद्धत उचलावी, हे मला अजून उमगलेलं नाही. या बंदोबस्तानंतरही डिसेंबर २०१० मध्ये वाराणसीच्या स्फोटानंतरचा ई-मेल निघाला तो वाशीतल्या एका वाय-फायवरूनच.

ओळख पटवणं हा एक भाग, नोंद ठेवणं हा दुसरा. संस्थेतले दोनशे पाहुणे बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरून दिसतात. सहा महिन्यांनी पोलिसांचं पत्र येतं : अमुक पत्त्यावरून, अमुक दिवशी, दुपारी ३ वाजून १७ मिनिटं ४२ सेकंदांनी हे झालं, कोण होतं? उत्तर द्यायचं तर त्या सेकंदाला आतल्या कुठल्या यंत्राला कुठलं दार दिलं होतं, हे वहीत हवं, आणि आपल्या घड्याळाचे सेकंद पोलिसांच्या कागदावरल्या सेकंदांशी जुळायला हवेत. म्हणून सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संगणकांची घड्याळं एनआयसी या सरकारी माहिती-केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी मिळवायला सांगितलं आहे. त्याच निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस ठेवायच्या आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची. यंत्र ओळखायला पूर्वी नेटवर्क कार्डाला कारखान्यात मिळालेला मॅक क्रमांक पुरायचा. २०१९-२० पासून अँड्रॉइड आणि आयफोन दोघेही प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनावट क्रमांक सांगायला लागले, माणसाचा माग काढणाऱ्या जाहिरातदारांना चुकवण्यासाठी. ते योग्यच झालं. पण 'तुमच्या लॅपटॉपचा मॅक क्रमांक या रकान्यात लिहा' असं सांगणारे छापील फॉर्म काही कार्यालयांत अजून वाटले जातात, आणि पाहुणे इमानदारीने तिथे निरुपयोगी आकडा भरतात.

या नोंदी किती दिवस ठेवणार, कोण पाहणार, हे पाहुण्याला कोणी सांगत नाही. माझ्या लिफाफ्यातल्या एकाच चिठ्ठीवर तसं लिहिलेलं आहे. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. चिठ्ठ्यांपर्यंत तो पोहोचायचा आहे.

जामीन मागितलाच नाही तर काय होतं, याचं सर्वांत दुःखद उदाहरण एमआयटीचं. तिथे पाहुण्याने नाव आणि ई-मेल द्यायचा की वर्षातले १४ दिवस नेटवर्क मोकळं. नाव खरं की खोटं, कोणी पाहत नसे. मोकळा परिसर हा त्या संस्थेचा अभिमान. जेस्टोर या शोधपत्रिकांच्या संग्रहाचा करारही असा की एमआयटीच्या पत्त्यावरून येणाऱ्याला वेगळा पासवर्ड लागत नसे. सप्टेंबर २०१० मध्ये ॲरन स्वार्ट्झ या तरुण प्रोग्रामरने लॅपटॉप नोंदवला तो 'गॅरी होस्ट' या नावाने. पहिलं अक्षर आडनावाला जोडलं की घोस्ट, म्हणजे भूत. तो लॅपटॉप एका छोट्या प्रोग्रामच्या जोरावर लेख उतरवत सुटला. जेस्टोरने पत्ता अडवला, त्याने पत्ता बदलला. एमआयटीने यंत्र अडवलं, त्याने यंत्राचा क्रमांक बदलला. ऑक्टोबरात जेस्टोरने वैतागून काही दिवस अख्ख्या एमआयटीचा प्रवेश बंद केला, म्हणजे एका पाहुण्यापायी सगळं घर उपाशी. पुढे स्वार्ट्झ एमआयटीच्या १६ नंबरच्या इमारतीच्या तळघरात, वायरिंगच्या खोलीत गेला आणि पुठ्ठ्याच्या खोक्याखाली लॅपटॉप थेट तारेला जोडून आला. ६ जानेवारी २०११ ला त्याला अटक झाली. तोवर सुमारे ४८ लाख लेख उतरवून झाले होते. लेख परत मिळाल्यावर जेस्टोरने प्रकरण मिटवलं. सरकारी वकिलांनी मात्र आरोप ४ वरून १३ वर नेले. ११ जानेवारी २०१३ रोजी स्वार्ट्झने जीव दिला. तो २६ वर्षांचा होता.

त्यानंतर एमआयटीचेच प्राध्यापक हॅल एबलसन यांच्या समितीने त्याच वर्षी जुलैत अहवाल दिला. त्यात मला अडकवून ठेवणारी जागा एकच. पाहुण्यांना इतकं मोकळं ठेवणाऱ्या संस्थेत स्वार्ट्झचा प्रवेश 'विनापरवाना' कसा ठरतो, हा प्रश्न सरकारी वकिलांनी एमआयटीला विचारलाच नव्हता, आणि एमआयटीनेही आपणहून काढला नव्हता. तळघरात शिरणं गैर होतं, यात वाद नाही. पण नियमावलीतली एक ओळ मोडणं आणि गुन्हा करणं यांत अंतर किती, हा प्रश्न तेव्हा कोणी पुरता सोडवला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये व्हॅन ब्युरेन खटल्यात तो बराचसा सोडवला : ज्याला दार उघडं आहे त्याने आत जाऊन चुकीच्या हेतूने काही पाहिलं, एवढ्याने तो संगणक-घुसखोर ठरत नाही. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात ४३व्या कलमात मालकाच्या परवानगीशिवाय प्रवेश किंवा डाउनलोड केल्यास भरपाई आहे, आणि तेच अप्रामाणिकपणे केलं तर ६६व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे 'परवानगी' कशाला म्हणायचं हे त्या बारीक अक्षरांतल्या चिठ्ठीवर ठरू शकतं. मग ती चिठ्ठी इतक्या निष्काळजीपणे का लिहितात?

विशेषतः शोधपत्रिकांबद्दल. ग्रंथालयात स्वतःच्या पायांनी चालत आलेल्या वाचकाला तिथल्या संगणकावर वाचू द्यावं, अशी 'वॉक-इन' वाचकाची तरतूद प्रकाशकांच्या अनेक करारांत असते. सांगली-लातूरकडच्या कॉलेजातल्या प्राध्यापिकेला पुण्या-मुंबईच्या संस्थेत दोन दिवस बसून लेख वाचता येतील, ते या तरतुदीमुळे. पण पाहुण्याचं नेटवर्क ओसरीवर ठेवलं की तिथून पत्रिका उघडत नाहीत, आणि ग्रंथालयातल्या त्या एका संगणकाचा उल्लेख चिठ्ठीवर नसतो. वाचायचा हक्क आहे, त्याची पाटी नाही. 'एक देश, एक सदस्यत्व' योजनेला मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांच्या सुमारे १३,००० पत्रिका, ६३०० च्या आसपास सरकारी संस्था. कारभार गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्राकडे. त्यामुळे सरकारी संस्थांतल्या लोकांची पायपीट कमी होईल. पण जो कुठल्याच संस्थेचा नाही, निवृत्त झालाय, किंवा खासगी कॉलेजात तासांवर शिकवतोय, तो अजूनही पाहुणाच. स्वार्ट्झचे स्नेही कार्ल मालामूद यांनी दिल्लीच्या जेएनयूत ७.३ कोटी शोधनिबंधांचा साठा उभारला, त्याची बातमी २०१९ मध्ये आली. तिथे तर पाहुण्याने नेटवर्कचा विचारच सोडायचा : साठा इंटरनेटला जोडलेलाच नाही, प्रत्यक्ष तिथे या, संगणकाकडून चाळून घ्या, लेख घेऊन जाऊ नका.

पाहुण्यासाठीच्या नियमांची एक वेगळीच जात खोडदला आढळते. नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, सुमारे १५०० मेगाहर्ट्झपर्यंतच्या रेडिओलहरी ऐकतात. मोबाइलची ९०० मेगाहर्ट्झची पट्टी थेट त्यांच्या कानात बोलते. तिथे पाहुण्याला 'फोन बंद ठेवा' सांगतात त्यामागे संशय नसतो, गोंगाट असतो. अमेरिकेत ग्रीन बँकच्या दुर्बिणीभोवती १९५८ पासून सुमारे ३४,००० चौरस किलोमीटरचा शांतता-प्रदेशच आहे. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या दुर्बिणीला काही विचित्र स्पंदनं वर्षानुवर्षं ऐकू येत होती. २०१५ मध्ये कळलं की ती आकाशातली नव्हेत, जेवण गरम होण्याआधीच मायक्रोवेव्हचं दार उघडणाऱ्यांची आहेत. असल्या जागी नियम समजावून सांगितला की पाहुणा तो आनंदाने पाळतो, कारण त्यामागचा हेतू पटतो. बाकीच्या संस्थांना हे का जमू नये?

जामिनाच्या प्रश्नाची दोन बरी उत्तरं मला दिसतात. सर्नमध्ये पाहुणा आपलं यंत्र नोंदवताना आतल्या एका माणसाचं नाव देतो. त्या माणसाने होकार दिला की प्रवेश. ब्राझीलच्या पाहुण्यासाठी प्राध्यापकांनी चोरून जे केलं, ते तिथे उघडपणे, नोंदवून होतं. दुसरं उत्तर एड्युरोम. २००२ मध्ये नेदरलँड्सच्या क्लास विरेंगा यांनी कल्पना मांडली : पाहुण्याची ओळख यजमानाने पटवायचीच नाही, ती त्याच्या घरच्या संस्थेने पटवावी. कोल्हापूरचा मुलगा जर्मनीत गटिंगेनला शिकत असेल आणि सुट्टीत इथल्या एखाद्या सदस्य संस्थेत आला, तर त्याचा फोन नाव-पासवर्ड कुलूपबंद पाकिटात घालून देतो. इथली संस्था पाकिटावरचा पत्ता वाचते, साखळीने ते जर्मनीला पोहोचवते, तिकडून 'हा आमचाच' असा निरोप येतो, दार उघडतं. पाकीट यजमानाला फोडता येत नाही. आज शंभरावर देशांत हे चालतं. भारतात अर्नेट चालवतं. नियम कोणाचे, यावरही त्यांची तोड सोपी आहे : घरचेही पाळायचे, यजमानांचेही, आणि फरक पडला तर जो कडक तो. यात एक खोट आहे. फोन नीट बसवलेला नसेल तर त्याच नावाचं नकली वाय-फाय लावून कोणी पाकीट आपल्याकडे वळवू शकतो. म्हणून सेटिंग हाताने न करता संस्थेने दिलेल्या ॲपनेच करावं.

पुण्याच्या त्या मुक्कामात चौथ्या दिवशी आम्ही दोघं त्याच शहरातल्या दुसऱ्या एका संस्थेत व्याख्यान ऐकायला गेलो. गेटवर रजिस्टरमध्ये सह्या केल्या, झाडाखालून चालत निघालो, आणि ब्राझीलवाल्याच्या खिशातला फोन एकापाठोपाठ एक थरथरायला लागला. त्याने काढून पाहिलं. साव पावलोहून आईचे सात निरोप आले होते.